माझ्या लेकीच्या लग्नावर देशाने मत दिलं

मा. संपादक,
स. न. वि. वि.

समलिंगी विवाहाबद्दल आपल्या अंकात वाचकांची जी पत्रं येत आहेत, ती मी इथे सिडनीत ई-पेपरवर वाचते. त्यातल्या एका पत्रात एका सद्गृहस्थांनी सुचवलं आहे की, न्यायालयाने हा विषय संसदेवर सोडला, संसद त्यावर बोलत नाही, तेव्हा सरळ देशभर सार्वमत घ्यावं आणि जे बाहेर येईल ते दोन्ही बाजूंनी मुकाट्याने मान्य करावं. पत्राचा सूर सभ्य आहे, कुणाबद्दल वाईट शब्द नाही. असं म्हणणारी माणसं माझ्याही नात्यात आहेत. म्हणूनच उत्तर लिहायला बसले. हे जिथे करून झालं त्या देशात मी राहते, आणि ज्यांच्या लग्नाबद्दल एक कोटी साठ लाख लोकांना विचारलं गेलं त्यांच्यात माझी मुलगी होती.

मुळात हे मतदान आलं कुठून, ते आधी सांगते. लांबून पाहणाऱ्याला वाटतं, सरकारला जनतेचं ऐकायचं होतं. ऑस्ट्रेलियाचा विवाह कायदा १९६१ चा. लग्न म्हणजे एक पुरुष आणि एक स्त्री यांचंच, ही व्याख्या त्यात मुळात नव्हती. ती २००४ मध्ये जॉन हॉवर्ड यांच्या सरकारने घातली. संसदेत विधेयक आलं, मंजूर झालं, संपलं. त्या वेळी कुणाच्या घरी पाकीट आलं नाही. दार लावताना जनतेला विचारायची गरज वाटली नव्हती. ती वाटली दार उघडायची वेळ आली तेव्हा.

ऑगस्ट २०१५ मध्ये सत्ताधारी आघाडीच्या खासदारांची सहा तास बैठक चालली. या विषयावर प्रत्येक खासदाराला स्वतःच्या सदसद्विवेकबुद्धीने मत देऊ द्यायचं का, एवढाच वाद होता. पंतप्रधान टोनी अ‍ॅबट लग्नाचा कायदा बदलण्याच्या विरोधात होते. खासदारांना मोकळीक दिली तर कायदा बदलण्याची शक्यता, आणि सरळ नकार द्यावा तर लोकांचा कल दुसरीकडे चाललेला. मग तोडगा निघाला की पुढच्या निवडणुकीनंतर जनतेलाच विचारू. महिन्याभरात अ‍ॅबट यांची खुर्ची गेली, माल्कम टर्नबुल आले. ते स्वतः समलिंगी विवाहाच्या बाजूचे. पण पक्षातल्या सनातनी गटाला सांभाळायचं म्हणून त्यांनी तोच तोडगा पुढे चालवला. सिनेटने, म्हणजे संसदेच्या वरिष्ठ सभागृहाने, सार्वमताचं विधेयक नोव्हेंबर २०१६ मध्ये फेटाळलं, ऑगस्ट २०१७ मध्ये पुन्हा अडवलं. तेव्हा संसदेला वळसा घालून सरकारने हे काम जनगणना करणाऱ्या सांख्यिकी खात्याकडे दिलं आणि त्याला मतदान न म्हणता टपाली पाहणी म्हटलं. पैसे काढले ते तातडीच्या आणि अनपेक्षित खर्चासाठी ठेवलेल्या तरतुदीतून. त्यावर लोक उच्च न्यायालयात गेले (ते इथलं सर्वोच्च न्यायालय), पण ७ सप्टेंबरला न्यायालयाने पाहणीला हिरवा कंदील दिला आणि १२ तारखेपासून पाकिटं टपालात पडू लागली. शेवटी हिशेब आठ कोटी डॉलरच्या वर गेला.

मी काही वर्षं निवडणुकीच्या दिवशी मतदान केंद्रावर हंगामी काम केलं आहे. याद्या तपासायच्या, म्हाताऱ्या माणसांना रांगेत खुर्ची द्यायची, संध्याकाळी मतपत्रिका मोजायच्या. इथे मतदान सक्तीचं आहे, न केल्यास दंड होतो, आणि या शिस्तीबद्दल मला फार आदर आहे. ही पाहणी मात्र ऐच्छिक. तिचा निकाल एकाही खासदारावर बंधनकारक नाही. ज्या प्रश्नावर संसद एका दुपारी मत देऊ शकत होती, त्यासाठी सगळ्या देशाला दोन महिने एकमेकांसमोर उभं केलं गेलं, आणि एवढं करूनही शेवटी संसदेलाच मत द्यायचं होतं.

आमच्या लेटरबॉक्समध्ये तीन पाकिटं आली. एक माझ्या नावाचं, एक ह्यांच्या, एक लेकीच्या. ती तेव्हा आमच्याकडेच राहत होती. फार्मसिस्ट आहे. तिचं आणि तिच्या जोडीदार मुलीचं नातं आम्हाला माहीत होऊन बराच काळ लोटला होता. ती मुलगी आमच्याकडे जेवायला यायची, वरण-भातावर तूप मागून घ्यायची. तिचे आईवडील व्हिएतनाममधून आलेले, कॅब्रामॅटाला राहणारे. पाकिटातल्या कागदावर एकच प्रश्न होता : समलिंगी जोडप्यांना लग्न करता यावं यासाठी कायदा बदलावा का? खाली होय आणि नाही असे दोन चौकोन आणि एक बारकोड. लेकीने ओट्यापाशी उभ्या उभ्या खूण केली, पाकीट चिकटवलं आणि कामावर जाताना पेटीत टाकलं. मीही त्याच दिवशी टाकलं.

ह्यांचं पाकीट मात्र पासपोर्ट आणि बँकेचे कागद ठेवतो त्या ड्रॉवरमध्ये गेलं. ह्यांनी लेकीला कधी वाकडा शब्द बोललेला नाही. ती उशिरा सुटली तर हे स्टेशनवर गाडी घेऊन जायचे. तिच्या त्या मैत्रिणीच्या वडिलांना हॉस्पिटलमध्ये ठेवलं तेव्हा डबा घेऊन जाणारे हेच. पण ‘लग्न’ म्हटलं की ह्यांच्या डोळ्यांपुढे अंतरपाट, मामा, कन्यादान हेच उभं राहायचं, आणि त्या चित्रात हे सगळं कसं बसवायचं ते त्यांना उमगत नव्हतं. त्यांना वेळ हवा होता, आणि घरात तो मिळतही होता. बापलेक हळूहळू एकमेकांकडे येत होते. अशा वेळी सरकारने त्यांच्या हातात कागद दिला : हो की नाही ते आत्ता सांगा, सात नोव्हेंबरच्या आत. कितीतरी दिवस ते पाकीट ड्रॉवरमध्ये होतं. पासपोर्ट काढायला गेलेल्या लेकीला ते दिसलं. ती काही बोलली नाही. एक दिवस पाकीट तिथे नव्हतं. ह्यांनी कुठल्या चौकोनात खूण केली ते मी विचारलं नाही, लेकीनेही विचारलेलं नाही.

सार्वमत सुचवणाऱ्या त्या पत्रलेखकांना मला विचारायचं आहे : बापलेकीत असा प्रश्न उभा करण्याचा हक्क कुठल्या लोकशाहीत कुणाला असतो? गुप्त मतदान ही चांगली गोष्ट आहे, मी स्वतः मतपेट्यांना सील लावलेलं आहे. पण मत जेव्हा सरकारबद्दल नसून घरातल्याच माणसाबद्दल असतं, तेव्हा त्या गुप्ततेचं ओझं त्या माणसाच्या डोक्यावर येतं. समोर बसून जेवणाऱ्या प्रत्येकाबद्दल मनात येत राहतं, याने काय लिहिलं असेल?

बाहेरचं वातावरण आणखी वेगळं. गणपती झाले होते, नवरात्र आलं, मग दिवाळी. आमच्याकडे फराळाला माणसं जमली तेव्हा विषय निघालाच. समाजात ज्यांना सगळे मान देतात असे एक काका होते. आमच्याकडच्या सत्यनारायणाला पूजा सांगायला तेच येतात. चकलीची ताटली हातात घेऊन ते म्हणाले, आपल्या मुलांना शाळेत काय शिकवतील, याचा विचार करून ‘नाही’ लिहा. लेक तिथेच चहा देत होती. त्यांना तिच्याबद्दल ठाऊक नव्हतं. त्यांनी तिलाही विचारलं, तू काय लिहिलंस बाळ? ‘काका, मी हो लिहिलं,’ एवढंच म्हणून ती आत गेली. काकांच्या मनात काळंबेरं नव्हतं. त्यांच्या फोनवर जे येत होतं तेच ते बोलत होते. टीव्हीवर तर ऑगस्टच्या अखेरीपासून जाहिरात चालू होती. तिच्यात एक आई सांगायची की शाळेने माझ्या मुलाला, वाटलं तर पुढच्या वर्षी फ्रॉक घालून ये, असं सांगितलं. सप्टेंबरमधल्या एका रविवारी सिडनीच्या आभाळात विमानाने धुराने ‘नाही’ला मत द्या असं लिहिलं. मी अंगणात कपडे वाळत घालत होते. आभाळातली ती अक्षरं माझ्या मुलीबद्दल होती.

आपण काय सुरू करतो आहोत याची सरकारला कल्पना नव्हती असं नाही. पाकिटं टपालात पडायला लागली त्याच्या दुसऱ्याच दिवशी, १३ सप्टेंबरला, संसदेने एक तात्पुरता कायदा केला. या पाहणीच्या काळात कुणाला धमकावलं, कुणाच्या लैंगिकतेवरून किंवा धर्मावरून चिखलफेक केली तर दंड होईल, असा. निकालाच्या दिवशी तो आपोआप संपणार होता. एखादी प्रक्रिया सुरू करतानाच तिच्यापासून माणसांना वाचवायला वेगळा कायदा करावा लागतो, यावरून काय समजायचं ते समजावं.

आणखी एक गोष्ट, आणि माझ्या मते ती सगळ्यात महत्त्वाची. लोकांसमोर प्रश्न ठेवला, पण कायद्याचा मसुदा ठेवला नाही. ‘कायदा बदलावा का’ एवढंच. काय बदलेल, पुजाऱ्याला किंवा पाद्र्याला असं लग्न लावायची सक्ती होईल का, शाळांचा यात काही संबंध आहे का, हे सांगणारा सरकारी कागद पाकिटात नव्हता. मसुदाच नाही म्हटल्यावर ज्याला जी भीती घालायची ती घालता आली. पुढे जो कायदा झाला त्यात धर्मगुरूंना नकार द्यायची पूर्ण मुभा आहे, शाळांबद्दल एक ओळ नाही. काकांची चिंता हा कागद दाखवून पाच मिनिटांत मिटली असती. पण तो कागद तेव्हा अस्तित्वातच नव्हता.

१५ नोव्हेंबरला सकाळी दहाला कॅनबेरातून निकाल जाहीर झाला. ७९.५ टक्के लोकांनी पाकिटं परत पाठवली होती. ६१.६ टक्के होय, ३८.४ टक्के नाही. सिडनीच्या प्रिन्स आल्फ्रेड पार्कमध्ये माणसांचा सागर लोटला होता, अनोळखी लोक एकमेकांच्या गळ्यात पडून रडत होते. लेकीने दुकानाच्या मागच्या खोलीतून फोन केला, तिलाही बोलता येत नव्हतं. मी देवापुढे साखर ठेवली. तो आनंद खरा होता, त्याला मी कमी लेखणार नाही. इथे मला भले भले म्हणतात, बघा, तुमच्याच बाजूने लागलं ना, आता कुणी म्हणू शकत नाही की वरून लादलं. त्यात तथ्य आहे. निकालानंतर विरोध करणारे बरेच जण शांत झाले. फराळाला आलेले ते काका पुढे लेकीच्या स्वागत समारंभालाही आले आणि आशीर्वाद देऊन गेले.

पण निकाल मतदारसंघानुसार छापला होता. १५० पैकी १३३ मतदारसंघांत होय, १७ मध्ये नाही. त्या सतरांतले बारा आमच्या न्यू साउथ वेल्समधले, आणि त्यातले बहुतेक पश्चिम सिडनीतले, जिथे आमच्यासारखी बाहेरून आलेली माणसं राहतात. आम्ही पॅरामॅटाचे. हॅरिस पार्क इथेच आहे, जिथे आपल्याकडचा वाणसामान विकणारा, मिठाईवाला, कपडे शिवणारा, सगळे मिळतात. देशाने ६१.६ टक्के होय म्हटलं, आणि आमच्या पॅरामॅटाने ६१.६ टक्के नाही म्हटलं. दशांश चिन्हापर्यंत तोच आकडा, उलटा. कॅब्रामॅटा ज्या फाउलर मतदारसंघात येतं तिथे ६३.७ टक्के नाही.

लेकीने ते संध्याकाळी फोनवर पाहिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी गाडीत बसल्यावर समोरच्या माणसांकडे पाहून तिच्या मनात पहिल्यांदा आलं की यांतल्या दहातल्या सहांना मी नको आहे. हे तिने मला पुष्कळ दिवसांनी सांगितलं. मी तिला समजावलं की नको आहे असा त्याचा अर्थ नाही, घाबरवलं होतं लोकांना. ती म्हणाली, ‘आई, मला माहीत आहे. पण हा आकडा मला माहीत असायची काही गरज नव्हती.’ तिचं म्हणणं मला खोडता आलं नाही. त्याच दुकानात आम्ही पोहे आणि गूळ आणतो, त्याच लोकांना ती रोज औषधं देते. शेजाऱ्यांच्या मनात काय आहे याचा अंदाज माणूस बांधतच असतो, आणि तो अंदाज कच्चा राहण्यातच शेजारधर्म टिकतो. सरकारने तो मोजून, छापून, हातात दिला.

मग संसदेत काय झालं ते पाहा. सिनेटने २९ नोव्हेंबरला विधेयक ४३ विरुद्ध १२ मतांनी मंजूर केलं. प्रतिनिधिगृहात ७ डिसेंबरला अंतिम मत झालं तेव्हा विरोधात फक्त चार खासदार उरले. सार्वमताचा आग्रह धरणाऱ्या अ‍ॅबट यांच्या स्वतःच्या वॉरिंगा मतदारसंघात ७५ टक्के लोकांनी होय म्हटलं होतं. अंतिम मताच्या वेळी ते सभागृहात थांबले नाहीत. उलट वॉटसन मतदारसंघात जवळपास ७० टक्के नाही होतं आणि तिथले खासदार टोनी बर्क यांनी बाजूने मत दिलं. मला बर्क यांचं बरोबर वाटतं, अ‍ॅबट यांचं नाही. पण दोघांनीही केलं ते स्वतःच्या बुद्धीने, मतदारसंघाचा आकडा बाजूला ठेवून. हेच काम २०१५ मध्ये त्या सहा तासांच्या बैठकीनंतर करता आलं असतं. आठ कोटी डॉलर वाचले असते, त्यापेक्षा जास्त काही वाचलं असतं.

आयर्लंडचं उदाहरण मला नेहमी देतात. तिथे मे २०१५ मध्ये ६२ टक्के लोकांनी होय म्हटलं. पण आयर्लंडमध्ये राज्यघटनेतलं अक्षर बदलायचं तर सार्वमत घ्यावंच लागतं, पळवाट म्हणून घेतलेलं नव्हतं. घटनेत घालायचं वाक्य लोकांपुढे शब्दशः होतं आणि मुख्य पक्ष उघड बाजूने उभे होते. तरीही त्या वेळचे आरोग्यमंत्री लिओ वराडकर यांना मतदानाच्या चार महिने आधी, आपल्या वाढदिवशी, रेडिओवर सांगावं लागलं की मी समलिंगी आहे. हे वराडकर म्हणजे मालवण तालुक्यातल्या वराडचे. २०१७ मध्ये ते पंतप्रधान झाले तेव्हा आपल्या वृत्तपत्रांनी कोकणच्या सुपुत्राचे फोटो छापले होते, आणि २०१९ च्या अखेरीस ते वराडला आले तेव्हा गावाने त्यांचं कौतुक केलं. मला त्या बातमीने फार बरं वाटलं होतं. वराडकरांचं कौतुक करताना गावाने सार्वमत घेतलं नाही, आपला मुलगा म्हणून घरात घेतलं.

जिथे हरले तिथलंही सांगायला हवं. कॅलिफोर्नियात २००८ मध्ये न्यायालयाने परवानगी दिल्यावर काही महिन्यांत सुमारे अठरा हजार जोडप्यांनी लग्नं केली. नोव्हेंबरमध्ये सार्वमतात ५२ टक्के मतांनी ती वाट बंद झाली, आणि पुन्हा उघडायला २०१३ उजाडलं. स्लोव्हेनियात संसदेने केलेला कायदा डिसेंबर २०१५ मध्ये सार्वमताने पाडला. २०२२ मध्ये तिथल्या घटना न्यायालयाला सांगावं लागलं की हा भेदभाव आहे. तैवानमध्ये न्यायालयाने हक्क मान्य करून दोन वर्षांची मुदत दिली होती, मध्येच २०१८ मध्ये सार्वमत झालं, त्यात विरोध जिंकला, आणि तरी २०१९ मध्ये संसदेने वेगळा कायदा करून तो हक्क दिलाच. म्हणजे हरल्यावरही प्रश्न मिटत नाही. तो पुन्हा न्यायालयाकडे, पुन्हा संसदेकडे येतो. मधल्या वर्षांत ज्यांचे आईवडील जातात, ज्यांचा जोडीदार आजारी पडतो, ज्यांचं घर कुणाच्या नावावर करायचं हे ठरत नाही, त्यांची ती वर्षं कुणी परत देत नाही.

आता आपल्याकडचं. १७ ऑक्टोबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी विषय संसदेवर सोडला. त्याच्या तीनच दिवस आधी, १४ तारखेला, इथे आदिवासी समाजाला संसदेपुढे आपलं म्हणणं मांडणारी सल्लागार संस्था घटनेने द्यावी का, यावर सार्वमत झालं होतं. ६० टक्के लोकांनी नाही म्हटलं. इथला मूळचा समाज लोकसंख्येत शंभरात चारही नाही. उरलेल्या शहाण्णवांनी त्यांचं काय ते ठरवलं. त्या आठवड्यात दोन्ही देशांच्या बातम्या एकदमच वाचत होते, आणि माझं मत तेव्हा पक्कं झालं की संख्येने थोड्या असलेल्यांचा हक्क मोजणीवर सोडला तर त्यांच्या स्वतःच्या मतांनी काही ठरत नाही; प्रश्न असतो तो फक्त बहुसंख्यांच्या त्या दिवशीच्या मर्जीचा.

त्याच वर्षी एप्रिलमध्ये बार कौन्सिल ऑफ इंडियाने ठराव केला होता की देशातल्या ९९.९ टक्क्यांहून जास्त लोकांचा समलिंगी विवाहाला विरोध आहे. त्यांनी कुणाला विचारून हे म्हटलं? माझ्या दादरच्या बहिणीला नाही, दापोलीच्या भावाला नाही.

दापोलीचं नाव निघालं म्हणून लिहिते. माझं माहेर तिकडचं, मुरूड जवळच. मुरूडच्या धोंडो केशव कर्व्यांनी १८९३ मध्ये गोदूबाई या विधवेशी लग्न केलं, तेव्हा गावाने सभा भरवून त्यांच्यावर बहिष्काराचा ठराव केला. घरच्यांना ते घरी आले तर ठेवून घेता येईना. ते एका परीने सार्वमतच होतं, आणि गाव एकमुखी होतं. कर्व्यांचं लग्न तरीही कायदेशीर ठरलं, कारण त्याआधी ३७ वर्षं, १८५६ मध्ये, विधवा पुनर्विवाहाचा कायदा झालेला होता. तो करताना विरोधातल्या अर्जांवर बाजूच्या अर्जांपेक्षा कितीतरी जास्त सह्या होत्या. सह्या मोजून निर्णय झाला असता तर गोदूबाई बाया कर्वे झाल्या नसत्या, आणि आज मुरूडचे लोक पाहुण्यांना ज्यांचं नाव अभिमानाने सांगतात ते अण्णासाहेब गावाबाहेरच राहिले असते. आमच्या आजीच्या तोंडी त्या बहिष्काराच्या गोष्टी होत्या. तिच्या वडिलांच्या पिढीतली माणसं त्या बाजूची होती.

लोकांना कधी विचारूच नये असं माझं म्हणणं नाही. गोव्याने महाराष्ट्रात यायचं की नाही, हे १६ जानेवारी १९६७ ला गोवेकरांना विचारलं, ते योग्यच झालं. त्यात निम्म्या घरांचा हिरमोड झाला असेल, पण तो प्रश्न सगळ्या गोव्याचा होता आणि मत देणारा प्रत्येक जण त्या निकालात राहणार होता. माझ्या लेकीने कुणाशी लग्न करावं याने पॅरामॅटातल्या कुणाच्याही संसारात काही बदलत नाही. ज्याला काही भोगायचं नाही त्याचं मत आणि जिचं आयुष्य आहे तिचं मत, दोन्ही एकेकच मोजायची, यात मला न्याय दिसत नाही.

आपल्या राज्यघटनेत अशा सार्वमताची तरतूदही नाही. आपण खासदार निवडतो ते अवघड प्रश्नावर उभं राहून बोलण्यासाठी. बारामतीच्या खासदार सुप्रिया सुळे यांनी एप्रिल २०२२ मध्ये विशेष विवाह कायद्यात दुरुस्ती करणारं खासगी विधेयक लोकसभेत मांडलं होतं. मसुदा होता, कलमं होती, म्हणजे ज्याला विरोध करायचा त्यालाही नेमका कशाला विरोध आहे ते सांगता आलं असतं. पुढे ते गेलं नाही. त्यावर महाराष्ट्रातल्या बाकीच्या खासदारांचं मत काय होतं, हे मला कुठे वाचायला मिळालं नाही.

म्हणून माझी आपल्याला एक विनंती आहे. वाचकांकडून होय-नाहीची कुपनं मागवू नका, संकेतस्थळावर कौल घेऊ नका. महाराष्ट्राचे ४८ खासदार लोकसभेत आहेत. आपल्या वार्ताहरांनी त्या प्रत्येकाला विचारावं : असं विधेयक उद्या आलं तर आपण कुठल्या बाजूला बसाल आणि का? जे उत्तर देतील त्यांचं उत्तर छापावं, जे देणार नाहीत त्यांच्या नावापुढची जागा कोरी सोडावी. माझ्या भाच्याचा एक मित्र ठाण्यात आपल्या जोडीदाराबरोबर राहतो. बँकेत, सोसायटीत, हॉस्पिटलच्या फॉर्मवर दोघं एकमेकांचे कोण, हे त्यांना अजून लिहिता येत नाही. त्याला आपल्या खासदाराचं उत्तर वाचायला मिळालं पाहिजे.

कळावे,
आपली नियमित वाचक,
पॅरामॅटा, सिडनी

(लेकीच्या इच्छेनुसार पत्राखाली नाव छापू नये, ही विनंती.)